दामूंचं बारावं पुस्तक

पुस्तक दिसलं आणि प्रेमराज सरांनी ताबडतोब दुसरीकडे पाहिलं.

ही त्यांची पद्धत होती. जुनी पुस्तकं जमवणाऱ्याने हवं असलेलं पुस्तक धरून बसायचं नाही, त्याच्याकडे टक लावून बघायचं नाही आणि आतून उकळ्या फुटत असल्या तरी चेहरा दवाखान्यात नंबर लावून बसल्यासारखा ठेवायचा. ठेच खाऊनच शिकले होते ते. चार वर्षांपूर्वी पारोळ्यात एका घरी त्यांच्या तोंडून नुसतं "अरे वा!" निघालं, तर घरमालकाने तिथल्या तिथे मोबाइलवर फोटो टाकला आणि आठवड्यात पुस्तक मुंबईला गेलं. ते परत मिळवायला सरांना दोन वर्षं चपला झिजवाव्या लागल्या.

पुस्तकं दामू खैरनारांची. सत्तर-पंचाहत्तर वर्षांपूर्वी हा गृहस्थ खानदेशातल्या माणसांची व्यंगचित्रं काढायचा आणि धुळ्याच्या एका छापखान्यातून लहान लहान पुस्तकं काढायचा. दोन-तीनशे प्रती, त्याही निम्म्या फुकट वाटलेल्या. अशी बारा पुस्तकं. आज ती कुठल्याच वाचनालयात नाहीत. जळगावच्या शाळेत तीस वर्षं चित्रकला शिकवून सर निवृत्त झाले आणि हे वेड घेऊन बसले. अकरा मिळाली होती. बारावं, 'बिऱ्हाड बारा आण्यांचं', कुणी डोळ्यांनी पाहिल्याचं सांगणाराही भेटत नव्हता.

आणि आता वेळ उरला नव्हता. दामूंची मुलगी शेवंताबाई जळगावात अंथरुणाला खिळल्या होत्या. डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं होतं, म्हणजे काय ते सगळे समजले होते. त्या दीड वर्षाच्या असताना आई गेली. आईचा फोटो कधी काढलाच नव्हता. वडिलांनी दुसरं लग्न केलं, घरातल्या प्रती कुठे गेल्या कळलं नाही. पण एकदा, एकदाच, ते मुलीला म्हणाले होते, "त्या बिऱ्हाडातली बाई म्हणजे तुझी आई. हुबेहूब." शुक्रवारी सर भेटायला गेले तेव्हा शेवंताबाईंनी त्यांचा हात धरला. "सर, तेवढी आई दाखवा मला."

म्हणून रविवारी सकाळी, पत्ता हाती येताच, सर धुळ्याची बस पकडून मंजुळाबाईंच्या दारात हजर. मंजुळाबाईंचे यजमान त्याच छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायचे. दारात उभं राहिल्यावर सरांच्या लक्षात आलं, आज कानबाई, देवी घरी बसवायचा श्रावणातला सण. घराला नवा रंग, अंगणात सडा, माळ्यावरचं सगळं सामान ओसरीवर. खानदेशातल्या माणसाने कानबाईच्या रविवारी कुणाच्या घरी रद्दी मागायला जावं? पण सर थांबायला तयार नव्हते.

"बसा भाऊ," मंजुळाबाई म्हणाल्या. "भूषण नारळ लेवाले जायेल शे. येईच आते."

भूषण म्हणजे मुलगा. म्हणजे मोबाइल. सरांनी घड्याळाकडे पाहिलं.

त्यांनी दिवाळी अंकांचा गठ्ठा पुढे ओढला. त्यातच ते होतं, मुखपृष्ठ गेल्याने नावाचं पान उघडं पडलेलं, कडा उंदराने कुरतडलेल्या. सरांनी अंगठ्याखालून पानं भर्रकन सोडली. पूर्ण होती. मनात नुसता ढोल वाजत होता. पुस्तक बंद करून त्यांनी ते गठ्ठ्यावर टाकलं.

"अंक बरे आहेत, अक्का. हे चोपडं काही कामाचं नाही, फाटलंय. असू द्या गठ्ठ्यात, वरून."

"कामनं नही का?"

"छे! रद्दीच ती."

"लई जा बठ्ठं," मंजुळाबाई सगळा गठ्ठा पुढे सारत मोकळेपणी म्हणाल्या. "पैसा नको देऊ भाऊ. आज देवी येस घर."

गठ्ठा जड होता, बाहेर पावसाची बुरबुर चालू होती. सर रिक्षा बघायला चौकात गेले. पुस्तक पिशवीत टाकून जाता आलं असतं, पण मग संशय आला असता. सणाचा दिवस, एक रिक्षा थांबेना. नारळाची पिशवी घेतलेला जो तो माणूस त्यांना भूषण वाटत होता. कशीबशी एक मिळाली. मंजुळाबाईंकडे परत येऊन बघतात तर भूषण अजून आलाच नव्हता. सरांनी देवाचे आभार मानले.

गठ्ठा सुतळीने नीट बांधून ठेवला होता. वर पुस्तक नव्हतं. त्यांनी सुतळी ओढून काढली. मध्येही नव्हतं, खालीही नव्हतं.

"अक्का, ते फाटकं पुस्तक?"

"ते काढी टाकं मी," मंजुळाबाई अंगणातून कौतुकाने म्हणाल्या. "देवीना दिन, तुम्ही घर येयेल पाहुना. फाटेल वस्तू कशी देऊ तुम्हले? कपाशीन्या पऱ्हाट्या वल्ल्या शेतस, बंब पेटत नव्हता. त्यामा टाकी दिधं."

अंगणात तांब्याचा बंब धडाडून पेटला होता. सर धावले आणि त्यांनी सरळ जाळात हात घातला. मंजुळाबाई ओरडल्या. हाताला लागला तो काळा पापुद्रा, तोही बोटांतच चुरला.

मंजुळाबाईंनी ओढत नेऊन सरांचा हात पाण्याच्या बादलीत बुडवला. "काय व्हतं भाऊ त्यामा? काय व्हतं?"

सरांना रडू आवरेना. तिथेच, त्या ओल्या अंगणात बसून त्यांनी सगळं सांगितलं. शेवंताबाई, त्यांची आई, आणि आपण मुद्दाम रद्दी म्हणालो ते.

मंजुळाबाईंनी बादलीतलं पाणी बदललं. मग हळू आवाजात म्हणाल्या, "सांगनं नही का भाऊ? मी तुमना हातमा दिधं ऱ्हातं."

दुपारच्या बसने सर परतले. संध्याकाळी उजव्या हाताला पट्टी बांधून ते शेवंताबाईंच्या खाटेशी बसले. वाटेत एरंडोलपर्यंत त्यांनी 'मिळालं नाही' असं सांगायचं ठरवलं होतं, पण बाईंनी पट्टीकडे पाहिलं आणि सरांच्याने खोटं बोलवेना. बाईंनी डोळे मिटून सगळं ऐकून घेतलं. रागावल्या असत्या तर सरांना बरं वाटलं असतं.

"जळालं तर जळालं," त्या म्हणाल्या. "पण हातात आलं होतं ना? पानं उलटलीत तुम्ही?"

"उलटली."

बाईंचा चेहरा एकदम उजळला. उशाशी औषधांच्या चिठ्ठ्या होत्या, त्यातली एक पालथी करून त्यांनी सरांपुढे धरली. नातसुनेकडून पेन मागून घेतलं.

"मग काय अडलं? तुम्ही चित्रकलेचे सर. आठवेल तशी काढा. कच्ची असली तरी चालेल."

सरांनी डाव्या हातात पेन घेतलं. वाटेल तो चेहरा काढला असता तरी चालणार होतं. ठसठशीत कुंकू, नाकात नथ, डोक्यावर पदर. बाईंनी तो कागद छातीशी धरला असता, आणि खोटं ठरवणारं जगात कुणी उरलं नव्हतं.

शेवंताबाई मान उचलून कागदाकडे बघत होत्या.

सरांनी पेन खाली ठेवलं. "मला काढता येणार नाही," ते म्हणाले. "पानं पुरी आहेत का, एवढंच बघितलं मी. तिच्याकडे पाहिलंच नाही."