उलटा उमटलेला श्री

मी एक जुना लाकडी ठसा आहे. तंजावूरकडे पापनाशमजवळच्या खेड्यात सुताराने मला फणसाच्या ओंडक्यातून घडवले आणि माझ्या तोंडावर 'श्री' कोरला. मित्रांनो, मळणी झाली की खळ्यावर भाताची रास लावत. तिच्यावर ओल्या मातीचे गोळे थापून त्यांवर मला दाबत. गोळा मोडला म्हणजे राशीला हात लागला, हे आंधळ्यालाही कळे. चोऱ्या टळत, म्हणून लोक मला हळदकुंकू वाहत. मीही जरा फुगलोच होतो!

माझे मालक भीमसेनराव. एकोणीसशे पंचावन्न सालच्या सुमारास शेषम्मा या विधवेचा मुलगा तुकोजी नारळ चोरताना सापडला. लोक म्हणाले, पोलिसांकडे द्या. भीमसेनरावांनी त्याला खळ्याची राखण दिली आणि मला त्याच्या हाती सोपवले. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या, अशी कुजबुज झाली. पण पोर खरोखर सुधारले. मला धुऊनपुसून उराशी धरून बसे. इतकी माया मला कुणी लावली नव्हती.

एका दुपारी तो जेवत असताना एक बकरी राशीवर चढली. गोळे फुटले. त्याने तिला हाकलले, सांडलेला दाणा न् दाणा वेचला, नवे गोळे थापले आणि मला दाबले. दाबले ते उलटे! तंजावूरकडच्या आमच्या घरांत मराठी बोलतात सगळे, पण देवनागरी वाचतो कोण? माझे डोके कुठले नि पाय कुठले, हे बिचाऱ्याला ठाऊकच नव्हते.

संध्याकाळी भीमसेनरावांनी उलटा श्री पाहिला, ठसे मागाहून मारल्याचे ओळखले आणि त्यांचा चेहराच उतरला.

"काय केलास रे तू हे?"

"बकरी आली, अप्पा. रास मोडली. मीच नीट करून ठेवलों. अस्की भात, एकूण एक दाणा, इथेंच आहे, मापून बघा!"

पण मोडल्या ठशाची रास शांती केल्यावाचून मापायची नाही, असा गावाचा रिवाज. शांतीला शुक्रवार उजाडायचा होता. लोकांनी बोलावलेले पोलीस मात्र त्याच संध्याकाळी आले आणि तुकोजीला घेऊन गेले. शेषम्मा रडत वेशीपर्यंत त्यांच्यामागे गेली.

शुक्रवारी शांती झाली, माप झाले. भात पुरेपूर भरले.

"आतां तरी पोलिसांकडे जाऊन सांगा, राव," शेषम्मा म्हणाली.

"अस्की गांव खोटें पडेल, शेषम्मा," असे म्हणून भीमसेनराव मान खाली घालून घरी गेले. तेव्हा मला फार रडू आले.

तुकोजी तुरुंगातून सुटून आला तो चोरी शिकूनच. पुढच्या सुगीत त्याने खळे खरोखरच लुटले. "बघा, आम्ही सांगत नव्हतो?" लोक म्हणाले, आणि समाधानाने म्हणाले. माझ्यावर श्री कोरलाच नसता तर बरे झाले असते, असे तेव्हा वाटले.

आता माळ्यावर मला वाळवी खाते आहे. मला जपू नका, मित्रांनो, पोरांना जपा. कुणी "मापून बघा" म्हटले, तर लगेच मापा. त्या संध्याकाळी माप खळ्यावरच पडलेले होते. ते उचलायला कुणी पुढे झाले नाही.