ओब्दुलियाच्या दाराची किल्ली

मित्रांनो, मी एक जुनी लोखंडी किल्ली आहे, वीतभर लांब आणि पावशेर वजनाची. मोंतार्गा या डोंगरावरच्या गावात माझा जन्म झाला. लोहाराने मला घडवलं ते ओब्दुलियाच्या पणजोबांसाठी. जडपणाबद्दल मला सगळे हसायचे, पण कुलपात मी अशी फिरायचे की तेलाचीही गरज नसे.

आमच्या गावची रीत साधी. माणूस घरात असलं की किल्ली दिवसभर बाहेरून कुलपात. कुणीही यावं, दार ढकलावं, हाक मारत वर जावं. गावाला जाताना मात्र कुलूप लावून किल्ली बरोबर न्यायची. म्हणजे दाराला किल्ली नाही, तर घरात माणूस नाही.

वरच्या आळीतली घरं एकेक करून ओस पडली. राहिली एकटी ओब्दुलिया, एक्याऐंशी वर्षांची. "मी काही हे गाव सोडत नाही," असं तिने सगळ्यांना ठणकावून सांगितलं होतं. पाववाला फाकुंदो एका पायाने अधू. तो वळणावर थांबून वर बघायचा. मी दिसले की चढायचा, नाहीतर कशाला चढेल बिचारा?

ऑगस्टमधल्या एका दुपारी एक प्रवासी आला. गळ्यात कॅमेरा, पायांत जाड बूट. पडक्या भिंती, गंजलेले गज, सगळ्याचे फोटो काढत तो आमच्या दाराशी पोचला. मला बघून भलताच हरखला. सगळी आळी ओस, तेव्हा हेही घर ओसच, असं त्याने धरून चाललं. गंमत म्हणून मला फिरवलं. खट्! कुलूप लागलं. मग त्याने मला उपसलं आणि खिशात टाकलं. वर, मागच्या खोलीत, ओब्दुलिया जेवून पडली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो चौकातल्या खानावळीत कॉफी पीत बसला. शेजारच्याच टेबलावर फाकुंदो येऊन टेकला.

"ओब्दुलियाच्या दाराला किल्ली नाही," तो म्हणाला. "गेली वाटतं लेकीकडे, सारागोसाला."

"न सांगता?" खानावळवाली ब्रिखिदा म्हणाली. "माझी बरणी तरी परत करायची!"

"सांगेल कशी? इतकी वर्षं गावाला ऐकवलंय तिने. लाज वाटली असेल."

"वाटू दे. परत आली की चांगली चिडवते तिला."

दोघं हसले. प्रवासी कॅमेऱ्यातले फोटो बघण्यात गुंग, आणि मी त्याच्या खिशात, हातभर अंतरावर होते हो! पण लोखंडाला कुठून येणार वाचा? थोड्या वेळाने बस आली आणि मला घेऊन गेली.

पाचव्या दिवशी, दूरच्या एका शहरात, त्याने मला हॉटेलच्या म्हाताऱ्या मालकासमोर कौतुकाने ठेवलं. मालक डोंगरातलाच.

"कुठं मिळाली?"

"एका ओसाड घराच्या दारात."

"दारात? बाहेरून लावलेली?"

"हो."

"अहो, मग घरात माणूस होतं."

प्रवाशाने मला झटकन उचललं. मालकाने गावात फोन लावला, पण हा थांबला नाही. तसाच गाडी करून निघाला. आम्ही पोचलो तेव्हा फाकुंदो आणि आणखी चार माणसं पहारीने दार उचकटत होती. दार पणजोबांच्या काळचं, जाड, ते कसलं हलतंय! शेवटी मलाच फिरवलं. मी नेहमीसारखीच सहज फिरले. त्याचीच मला आजही शरम वाटते.

ओब्दुलिया दाराला टेकून बसलेली होती, थंडगार पडलेली. पाण्याचा घडा शेजारी, कोरडा. खिडक्या होत्या, पण गजांच्या, आणि दरीकडच्या. मारलेल्या हाका नदीच्या आवाजात गेल्या असणार. मांजरासाठी दाराला खाली भोक असतं, त्यातून तिने आपला निळा एप्रन बाहेर सरकवला होता. वळणावरून तो दिसत नाही. फाकुंदो तो एप्रन हातात धरून पायरीवर बसला आणि म्हणाला, "रोज यायचो मी. रोज तिथूनच परत फिरलो."

प्रवाशाला कुणी शिवी दिली नाही. तो भिंतीशी उभा राहून रडला. मला त्याची दया आली आणि रागही आला.

आता मी सारागोसात ओब्दुलियाच्या लेकीच्या कपाटात असते. ती मला कधी हातात घेत नाही. मित्रांनो, जुनी गावं बघायला जरूर जा. पण ओसाड दिसणाऱ्या दारातली वस्तू उचलण्याआधी दोन वेळा थाप मारा आणि जरा थांबा. म्हातारीला जिना उतरायला वेळ लागतो.