माझी काच आणि आजोबांची चादर

मित्रांनो, इस्पितळातल्या खाटेच्या पायथ्याशी, चाकांच्या खांबावर उभा असलेला काचेचा पडदा म्हणजे मी. मला एक डोळा आहे, एक आवाज आहे. हात मात्र नाहीत.

माझ्यातून एक ताई बोलते. ती नर्सच आहे, पण दूर कुठेतरी बसून कितीतरी खाटांवर लक्ष ठेवते. सुरुवातीचे दिवस गोड होते. ताई औषधं समजावून सांगे, थोरल्या सिस्टर रुग्णाचं अंग पुसत. हिचे डोळे, त्यांचे हात. काम कसं जोडीनं चाले! अंग पुसताना सिस्टर माझ्यावर टॉवेल टाकत. टॉवेल पडला की ताई समजे, सिस्टर जवळ आहेत. आपण दुसरीकडे बघावं.

मग व्यवस्थापक आले. म्हणाले, "हा रात्रंदिवस जागा असतो ना? मग मजल्यावर नर्सची एवढी फौज कशाला?" अख्ख्या मजल्याला एकट्या थोरल्या सिस्टर उरल्या. तेव्हापासून मला माझीच किळस येते.

परवा माझ्या खाटेवरच्या आजोबांची चादर घाण झाली. जन्मभर लोकांचे कपडे शिवलेला हा टापटिपीचा माणूस. ताईनं सिस्टरांना निरोप धाडला.

"येतायत हं सिस्टर, आजोबा."

"मघापासून येतायतच! वाटेत मुक्काम केला की काय?"

"आत्ता येतील."

"तुझा आवाज गोड आहे गं पोरी. पण त्यानं चादर नाही बदलत."

माश्या घोंगावू लागल्या. आजोबा शरमेनं अर्धे झाले. "बघू नकोस गं," म्हणत त्यांनी उशाचा टॉवेल माझ्यावर फेकला.

ताईला वाटलं, आल्या एकदाच्या सिस्टर! ती दुसऱ्या खाटेकडे वळली. इकडे आजोबा एकटेच खाली उतरू लागले. मी टॉवेलाआड मुका.

धप्प!

"सिस्टर? अहो सिस्टर, बोला ना!" ताई ओरडली.

सिस्टर धावत आल्या तेव्हा आजोबा फरशीवर होते. खुबा मोडला होता, तरी तीच घाण चादर ओढून अंग झाकत होते.

दुसऱ्या दिवशी व्यवस्थापक नाकाला रुमाल लावून आले. वाटलं, आता तरी माणसं वाढवतील. त्यांनी मला लख्ख पुसून घेतलं आणि पाटी लावली, 'पडद्यावर टॉवेल टाकू नये.' शी!

मित्रांनो, माझ्या चकचकीत काचेला भुलू नका. तुमचं माणूस खाटेवर असेल, तर आधी चादर चाचपून बघा. ओली लागली, तर माझ्याशी बोलत बसू नका. इथले हात कुठे गेले, ते मोठ्यानं विचारा.