हॅडोसाहेबांचा कोपरा

“साहेब, तुम्ही खुर्चीत बसा ना,” वरुण म्हणाला. पण हॅडोसाहेबांनी काठी मुलीच्या, फियोनाच्या, हातात दिली आणि ते मॅटच्या कोपऱ्याशी वाकले.

बहारीनमध्ये सखीरच्या रस्त्यालगतच्या त्या क्रिकेटच्या मैदानावर गवताचं पातंही नाही. मधोमध सिमेंटची पट्टी आहे. दर शुक्रवारी सकाळी तिच्यावर काथ्याची मॅट अंथरतात, चारही कोपऱ्यांनी ताणतात आणि कडेला खिळे ठोकतात. मॅट सैल राहिली तर तिला सुरकुती पडते, आणि सुरकुतीवर टप्पा पडलेला चेंडू पायात घुसेल की हनुवटीवर उडेल, हे सांगता येत नाही. म्हणून इथे खेळणाऱ्या टीमचा जुना नियम आहे: ज्याने मॅट ओढली नाही, तो खेळणार नाही.

हॅडोसाहेब नव्वदीला टेकले होते. तरुणपणी ते इंग्लंडमध्ये एका काउंटीकडून दोन मोसम खेळले. तिथे जागा टिकली नाही, तेव्हा एका व्यापारी कंपनीतर्फे मनामाला आले. बहारीन तेव्हा इंग्रजांच्या छत्राखाली होतं. आधी बर्फाची यंत्रं, मग एअरकंडिशनर विकता विकता त्यांनी स्वतःची कंपनी उभी केली. क्रिकेट ते इंग्रजांच्या क्लबात खेळत. त्यांच्याच ऑफिसातल्या कारकुनांना तिथे प्रवेश नव्हता. कारकून या मैदानावर खेळत. याबद्दल आपण तेव्हा चकार शब्द काढला नाही, हे साहेब स्वतःच सांगत.

पुढे क्लबाची टीम मोडली. साहेबांनी आपल्या शिपिंग क्लार्ककडे, गुरुप्रसाद कर्णिकांकडे, खेळायला जागा मागितली. कर्णिक कारकुनांच्या टीमचे कॅप्टन होते. शुक्रवारी साहेब ऐन टॉसच्या वेळी पांढऱ्याशुभ्र कपड्यांत गाडीतून उतरले. आठवडाभर ‘येस सर’ म्हणणारे कर्णिक म्हणाले, मॅट लागली साहेब, आता पुढच्या शुक्रवारी. साहेब मॅच संपेपर्यंत गाडीत बसून राहिले. शनिवारी कर्णिकांची नोकरी राहते की जाते, याचीच सगळ्यांना काळजी. नोकरी राहिली. पुढच्या शुक्रवारी साहेब उजाडायच्या आत हजर झाले आणि त्यांनी एक कोपरा धरला. कर्णिकांनी त्यांना नवव्या नंबरवर पाठवलं. काउंटीत खेळल्याचं साहेब विचारल्याशिवाय सांगत नसत. नवव्या नंबरचं मात्र न विचारता सांगत.

आता फियोना त्यांना इंग्लंडला न्यायला आली होती. अमवाज बेटावरचा त्यांचा फ्लॅट रिकामा झाला होता. टीमने निरोपासाठी केक आणला होता, सावलीत खुर्ची मांडली होती. साहेबांना त्यातलं काही नको होतं. शेवटच्या शुक्रवारी आपलं नाव अकरात असावं, एवढंच त्यांनी वरुणला फोनवर सांगितलं होतं. वरुण रिफायनरीत इंजिनियर, वयाने साहेबांच्या नातवासारखा. या मोसमात कॅप्टन होता.

“यल्ला, चला, ओढा,” वरुण म्हणाला.

तीन कोपरे ताणले गेले. चौथ्या कोपऱ्यावर साहेबांची बोटं मिटलीच नाहीत. मॅट हातातून निसटली आणि ते गुडघ्यांवर आले. टीममधल्या जुनैदने त्यांना उठवलं, दुसऱ्या कोणी कोपरा धरला, खिळे बसले. फियोना वरुणला बाजूला घेऊन समजावू लागली. मॅच सुरू व्हायच्या आधी त्यांना एक हळू चेंडू टाका, फोटो काढू, कोणाचंच काही बिघडत नाही. टीममधला सुयशही कुजबुजला, “जाऊ दे ना रे. पाहुणे आहेत आजचे.”

पाहुणे हा शब्द साहेबांना कळला. गुडघ्यांची धूळ न झटकता ते वरुणकडे बघत उभे राहिले.

वरुणने खिशातल्या पेन्सिलीशी थोडा चाळा केला. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, “तुमच्याकडून मॅट ओढली गेली नाही, साहेब. आज अकरात नाही तुम्ही.”

फियोनाचा चेहरा लाल झाला. साहेबांची पाठ मात्र हळूहळू ताठ झाली.

“ऐकलंस?” ते मुलीला इंग्रजीत म्हणाले. “इथे मला सूट मिळत नाही.” मग कारकुनांकडून उचललेल्या मराठीत त्यांनी वरुणला विचारलं, “बाराव्याला काय काम?”

“पाणी.”

“बरं.”

मॅच सुरू झाली. ड्रिंक्सला अंपायरने हात वर केला, तेव्हा साहेब एका हातात काठी आणि दुसऱ्या हातात बाटली घेऊन निघाले. फियोना त्यांच्यामागे चार पावलं गेली आणि सीमारेषेवर आपणहून थांबली. मैदानातलं कोणी पुढे आलं नाही. क्रीजवर सुयशने हेल्मेट काढलं, ग्लोव्हज काढून काखेत धरले आणि तो वाट बघत राहिला. साहेब पोचले. सुयश पाणी प्यायला. साहेबांनी बाटली परत घेतली, झाकण नीट घट्ट केलं आणि ते मागे वळले.

बोलर चेंडू हातात घेऊन आपल्या खुणेवर उभा होता. बारावा खेळाडू मैदानाबाहेर जाईपर्यंत खेळ सुरू होत नाही. बोलर तसाच थांबून राहिला.