सरळ शिक्का

आमच्या कोबेच्या प्रयोगशाळेत अहवालावर शिक्कासुद्धा वाकून मारतात. हाताखालच्याने आपला शिक्का साहेबांच्या चौकटीकडे जरा कलता उमटवायचा, म्हणजे कागदावरही नमस्कार झाला. आज मी माझा ताठ मारला.

त्सुकुदासाहेबांना ते लगेच दिसलं. "कुवाबाराबाई, मान आखडलीय का?"

"मान ठीक आहे, साहेब. पहिलं पान वाचा."

त्यांनी जे गाळायला सांगितलं होतं, नेमकं तेच मी पहिल्या पानावर घातलं होतं. स्मृतिभ्रंशावरचं आमचं नवं औषध मेंदूतल्या सफाई करणाऱ्या पेशींना जोर आणतं. उंदरांच्या पेशींनी कचरा तेवढा खाल्ला आणि सगळे खूश. मग मी रुग्णांच्या रक्तातून मूळपेशी केल्या, त्यांच्यापासून माणसाच्या सफाई-पेशी वाढवल्या आणि चेतापेशींबरोबर एका बशीत ठेवून औषध दिलं. त्यांनी कचऱ्यासोबत चेतापेशींचे चांगले जोडही फस्त केले. सुक्याबरोबर ओलंही जळालं. आणि हे औषध पुढच्या महिन्यात जिवंत माणसांना द्यायचं म्हणे. संताप नाही येणार तर काय होणार?

"बशीतल्या पेशी लहरी असतात," साहेब म्हणाले. "उंदरांचं तेवढं ठेवा."

"उंदीर कधी सुनेचं नाव विसरलाय का, साहेब?"

त्यांनी चष्मा काढला. "माझी आई मला पोस्टमन समजते. रोज विचारते, माझं औषध आलं का? या चाचणीत तिचं नाव आहे."

मला वाईट वाटलं, खूप वाटलं. तरी गप्प बसले नाही. "तिचं रक्त तुम्हीच दिलंत आम्हाला. बश्यांवर नुसते आकडे असतात. तिची बशी कुठली, तुम्हाला ठाऊक नाही, मलाही नाही. पण जोड खाल्ले नाहीत अशी एकही बशी नाही."

त्यांनी अहवाल बाजूला सारला.

"मी तिला शब्द दिलाय."

"मग मोडा. ती विसरून जाईल."

"तेच तर," ते म्हणाले. "विसरेल, आणि उद्या पुन्हा विचारेल. रोज मला नाही आलं म्हणावं लागेल."

"म्हणा रोज," मी म्हणाले, आणि अहवाल त्यांच्यापुढे सरकवला.

त्यांनी शिक्का शाईवर दाबला. मग पहिलं पान न काढता तो माझ्या शिक्क्याशेजारी कागदावर टेकवला.