व्यायाम: काहीच नाही

रामाकोन्याच्या शिवारात दुपारचे दोन वाजले होते. मंगला सकाळी आठपासून पऱ्हाटीच्या तासात, कपाशीच्या दोन ओळींमधे, वाकलेली होती. कमरेची ओटी कापसानं गच्च फुगली होती आणि बोंडांच्या टोकांनी बोटं ओरबाडून निघाली होती. तेवढ्यात कमरेला खोचलेला मोबाईल वाजला. तिला वाटलं, पोरीचा असेल. पाहते तर निरोप आलेला. मंगला सातवी शिकलेली, एकेक अक्षर लावत पण बरोबर वाचायची. तिनं मोठ्यानं वाचलं,

"मंगलाताई, तुमच्या उत्तरांवरून तुमची जीवनशैली बैठी असल्याचे दिसते. रोज किमान तीस मिनिटे चालण्याचा प्रयत्न करा."

शेजारच्या तासातली शकुबाई सरळ उभी झाली. "काय बैठी म्हन्ते?"

"जीवनशैली."

"म्हंजे काय वं?"

"म्हंजे मी दिवसभर बसून राहते, असं म्हनून राहिला हा मोबाईल."

शकुबाई जी हसत सुटली, तिला पऱ्हाटीचा आधार घ्यावा लागला. पलीकडच्या बायांनी काय झालं ते विचारलं, आणि मग वावरभर एकच गिल्ला. "मंगलाबाई, उठ बाई, जराशी चाल!" "दमली असशीन बसू बसू, खुर्ची आनू का?" मंगलाही हसली. पण आतून तिला ते चांगलंच झोंबलं. एक्कावन्न वर्षांच्या आयुष्यात तिला कोणी काय काय म्हटलं होतं, पण आळशी कोणी म्हटलं नव्हतं.

या भानगडीत तिला पाडलं होतं अर्चनानं. अर्चना तिची एकुलती एक मुलगी, सौंसरला तहसील कार्यालयात नोकरीला. महिन्याभरापूर्वी ती रविवारी घरी आली आणि आईच्या मोबाईलवर काहीतरी उघडून बसली.

"माय, नागपूरच्या संशोधन करनाऱ्या लोकाइनं हा अभ्यास चालू केला. दहा वर्स चालनार हाय. आजार झाल्यावर मानसाले विचारलं का तू आधी काय खात होता, किती झोपत होता, तं तो आठवून आठवून काहीबी सांगते. म्हनून हे लोक चांगल्या मानसाले आधीच विचारून ठेवतात. मंग पुढं कोनाले शुगर झाली, कोनाले बीपी झाला, कोनाले काहीच नाही झालं, हे पाहतात. आन मागच्या उत्तराइत शोधतात का फरक कशात होता."

"हजारो लोकाइले विचारतात?"

"हजारो लोकाइले. घरबसल्या, मोबाईलवर."

"आन मले काय भेटन त्याच्यात?"

"दर महिन्याले नवे सवाल भेटतीन," अर्चना म्हणाली, आणि दोघी हसल्या.

मंगलाला मात्र ती गोष्ट मनापासून आवडली. तू काय खातेस, किती झोपतेस, तुझा जीव कशानं घाबरतो, हे तिला आजवर कोणी विचारलं नव्हतं. तिनं ठरवलं, उत्तरं द्यायची तर खरी द्यायची. व्यायामाच्या प्रश्नाला चालणे, धावणे, योगासने, सायकल, व्यायामशाळा आणि 'यांपैकी काहीच नाही' असे पर्याय होते. तिनं बराच विचार केला. वावरात जाणं हा काही व्यायाम नव्हे, ते तर काम. म्हणून तिनं प्रामाणिकपणे शेवटच्या गोलावर बोट ठेवलं. आणि त्याचं हे फळ!

संध्याकाळी घरी आल्याबरोबर तिनं निरोपाखालचा नंबर लावला. पलीकडून एका मुलीचा गोड, पुस्तकी आवाज आला. "नमस्कार, मी हिमानी बोलतेय. आपली काय मदत करू?"

"म्याडम, तुमच्या कॉम्प्युटरले सांगा का मंगला बसून नाही राहत. आज दिवसभर कापूस येचला. निंदन करते, तुरीच्या पेंढ्या डोक्यावर आनते, संत्र्याच्या तोडीले जाते. आन हा मले चालाले शिकवते!"

मग तो पुस्तकी आवाज एकदम बदलला. "मावशी, कोनत्या गावच्या जी तुमी?"

"रामाकोन्याच्या."

"मी पांढुर्ण्याची. आमचे संत्र्याचे बगीचे हायेत. थांबा, एक मिनिट." बोटं चालल्याचा आवाज आला. "मावशी, सौंसर आणि पांढुर्णा मिळून तीनशेच्या वर बायांनी तुमच्यासारखंच 'काहीच नाही' लिहिलं आहे. आमी समजून राहिलो होतो का इकडच्या बाया हालचालच करत नाहीत."

"मंग आना तुमचा कॉम्प्युटर वावरात. आमी दाखवतो त्याले."

मंगलानं हे रागारागात म्हटलं होतं. चौथ्या दिवशी सकाळी हिमानी खरोखरच दारात उभी राहिली. पंचविशीची, सडपातळ, पाठीवर दप्तर. मंगलाचा नवरा दादाराव दात घासत होता, तो तसाच आत पळाला. "अर्चनाची माय, थे कॉम्प्युटरवाली आली!"

हिमानीनं मंगलाच्या मनगटावर पावलं मोजणारा पट्टा बांधला, एक स्वतःच्या हातावर बांधला आणि दोघी वावरात गेल्या. हिमानीनंही ओटी बांधली. शकुबाईनं तिला बोंडाला न टोचता कापूस कसा ओढायचा ते शिकवलं. तासाभरात हिमानीच्या दहाही बोटांवर ओरखडे उठले, आणि अकरा वाजता ती कमरेला हात लावून बांधावर जी बसली, ती जेवणापर्यंत उठली नाही. बायांची करमणूक झाली. दिवस मावळताना पट्ट्यांतले आकडे पाहिले तर मंगलाची सतरा हजार पावलं भरली होती. वाकणं, उठणं आणि डोक्यावरचं ओझं त्यात धरलेलंच नव्हतं.

"मावशी, तुमी बराबर होत्या, आमचा सवालच गलत होता," हिमानी सगळ्यांसमोर म्हणाली. मंगलाची मान ताठ झाली. जमिनीच्या दोन बोटं वरून चालावं तशी ती घरी आली.

घरी चहा झाल्यावर हिमानीनं दप्तरातून बीपीचं मशीन काढलं. "आलीच हाय तं तुमचं मोजून घेते." पट्टा दंडाला बांधला, मशीन फुगलं, घुरघुरलं. हिमानीनं आकडा पाहिला. पाच मिनिटं शांत बसवून पुन्हा मोजलं. मग तिसऱ्यांदा.

"मावशी, वरचा एकशे चौसष्ट आहे, खालचा अठ्ठ्यान्नव. पाहिजे त्याच्यापेक्षा बराच जास्त आहे. आमच्या अभ्यासात औषध देत नाहीत, पण हे पाहून मले चूप बसता येत नाही. उद्याच सौंसरच्या दवाखान्यात दाखवा."

मंगला हसली. "कॉम्प्युटर चुकला, तसं मशीनबी चुकलं असंन. सतरा हजार पावलं चालनाऱ्या बाईले बीपी कायचा?"

"काम करणाऱ्यालेबी होते, मावशी. बीपीचं दुखत नाही, म्हनून समजत नाही. आन मंग एखाद्या दिवशी एकदम लकवा मारते."

"बरं बरं, पाहू," मंगला म्हणाली. हिमानी गेल्यावर दादारावनंही विषय काढला, तर तिनं त्यालाच गप्प केलं. एकदा जिंकलेला माणूस दुसऱ्यांदा हरायला सहजासहजी तयार होत नाही, तसं तिचं झालं होतं.

आठ दिवस असेच गेले. मग नव्या महिन्याचे प्रश्न आले. दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत ती कडुलिंबाखाली बसून ते वाचू लागली. पहिल्याच ओळीत लिहिलं होतं की मागची काही उत्तरं बदलायची असतील तर आता बदलता येतील. खाली तिची मागची उत्तरं होती. त्यातलं एक होतं: 'आई, वडील किंवा भावंडांपैकी कोणाला लकवा झाला होता का?' उत्तर: नाही.

मंगलाचं बोट तिथंच थांबलं.

तिची आई माहेरी, मोहगावच्या वावरात पडली होती, एप्रिल महिन्यात. वय असेल चोपन्न-पंचावन्न. सगळे म्हणाले, ऊन लागलं. कांद्याचा रस लावला, ओल्या फडक्यात गुंडाळलं. तीन दिवसांनी ती गेली. मंगला तेव्हा लेकुरवाळी होती, उशाशी बसून होती. आता इतक्या वर्षांनी तिला आईचं तोंड दिसलं, डावीकडं ओढलेलं. पाणी पाजलं की ओठाच्या कोपऱ्यातून गळायचं. आईचा उजवा हात मंगलानं उचलून छातीवर ठेवला की तो आपोआप खाली घसरायचा. उन्हानं हात असा लुळा पडतो का?

तिच्या आईसारखी कामाची बाई साऱ्या मोहगावात नव्हती.

"काय झालं वं?" शकुबाईनं विचारलं. "पुन्हा बैठी म्हनून राहिला का?"

"नाही." मंगलानं डोळे पुसले. "माह्या मायले ऊन नव्हतं लागलं, शकुबाई. लकवा मारला होता."

तिनं 'नाही' पुसलं आणि 'हो' केलं. मग अर्चनाला फोन लावला. "उद्या सुट्टी काढ. मले दवाखान्यात घिऊन चाल."

सौंसरच्या दवाखान्यात डॉक्टरांनी दोन्ही दंडांवर मोजलं. बीपी होताच. रक्त-लघवी तपासली, ती ठीक निघाली. "वेळेवर आलात," डॉक्टर म्हणाले, "रोज सकाळी एक गोळी, आणि मीठ कमी."

"मीठ? मी तं वरून चिमूटभरबी नाही घेत."

"भाकरीसोबत काय खाता?"

"ठेचा." मंगला थांबली. "आन लिंबाचं लोनचं. ताकात मीठ. कधीमधी पापड." बोलता बोलता तिचा आवाज लहान होत गेला. अर्चना खिडकीबाहेर पाहत हसू दाबत होती.

महिन्याभरानं आकडा एकशे छत्तीसवर आला. मंगलानं हिमानीला फोन करून सांगितलं, तर हिमानी फोनवरच ओरडली, "मावशी!" आणि मग म्हणाली, "एक काम करान का? आमी सवाल नव्यानं लिहून राहिलो. पांढुर्ण्याले बायांची बैठक ठेवली. तुमी या, आमच्या चुका काढा."

मंगलानं ठेवणीतलं निळं लुगडं नेसलं आणि शकुबाईला सोबत घेतलं. पांढुर्ण्याच्या सभागृहात वीसेक बाया होत्या, कोणी कापसाच्या, कोणी संत्र्याच्या बागेतल्या, एक अंगणवाडीची रजनी. हिमानीचे नागपूरचे साहेब पडद्यावर एकेक प्रश्न दाखवत होते. 'शेतातील शारीरिक श्रम' असं आलं तेव्हा मंगला उभी राहिली. "असं नोका लिहू जी. श्रम म्हटलं तं बाई म्हनन, मले श्रम नाहीत. सरळ विचारा: कापूस किती दिवस येचला, निंदन किती केलं, संत्र्याचे क्रेट उचलले का, पानी किती दुरून आनलं."

साहेबांनी लिहून घेतलं. पुढचा प्रश्न आला: 'तुम्ही जेवणात वरून मीठ घेता का?'

बायांनी एकसुरात सांगितलं, "नाही."

"खोट्या हाय साऱ्या," मंगला म्हणाली, आणि सभागृहात हशा पिकला. "मीबी अशीच खोटी होती. साहेब, मीठ नोका विचारू. ठेचा विचारा, लोनचं विचारा, ताक विचारा. मंग पाहा मीठ कुठून निंगते!"

साहेबांनी हातातला पेन खाली ठेवला आणि टाळ्या वाजवल्या. शकुबाईनं त्यांच्याहून जोरात वाजवल्या. परतीच्या बसमधे तिनं आपलाही नंबर त्या अभ्यासात नोंदवून टाकला.

आता उरला दादाराव. त्या अभ्यासात नाव द्यायला तो पंधरा दिवस नाही नाही म्हणत राहिला. मग एका संध्याकाळी स्वतःच मोबाईल घेऊन मंगलासमोर बसला. "वाच. मी सांगतो, तू बोट ठेव."

वय झालं, वजन झालं, झोप झाली. सगळं सुरळीत चाललं होतं. मग मंगलानं वाचलं, "तंबाखू-सुपारीचा खर्रा खाता का?"

"कधीमधी," दादाराव म्हणाला.

मंगलानं मोबाईल मांडीवर ठेवला आणि त्याच्याकडं पाहत राहिली. दादारावनं छताकडं पाहिलं, मग दाराकडं, मग पायाच्या अंगठ्याकडं.

"दिवसाले दोन पुड्या," तो म्हणाला.

मंगला अजून पाहतच होती.

"बरं, चार! लिही चार!"

तिनं चारवर बोट ठेवलं. "आता पुढचा सवाल आहे, का सोडाची इच्छा हाय का?"

दादारावनं खिशातली अर्धी पुडी काढून तिच्यापुढं ठेवली.

"इच्छा हाय म्हनून लिही," तो म्हणाला. "पुढच्या महिन्याले हे लोक पुन्हा विचारतात ना? विचारू दे."