नीलम्माच्या मनगटावरची गाठ

बाळ रडलं की नीलम्माचा पदर ओला होई, आणि बाळ तर भिंतीपलीकडं सासूच्या मांडीवर. चार दिवस असं चाललं होतं.

कारण बोराएवढं. डाव्या मनगटाला, आतल्या बाजूनं, अंगठ्याच्या मुळाशी एक गाठ आली होती. महिनाभर तिनं ती बांगड्यांखाली झाकली. पण सोमवारी तळहातावर इष्टलिंग घेऊन पूजेला बसली, बांगड्या मागं सरल्या आणि सासूनं, शिवगंगाबाईंनी, पाहिलं. पाहिलं तसं बाळ तिच्या शेजारून उचललंच.

बाई काही खाष्ट नव्हत्या. दोन वर्षांमागं गाठीच्या तापानं, प्लेगनं, सारं घाटनांदूर गाव ओस पडलं, लोक रानात झोपड्या घालून राहिले. तेव्हा त्यांची धाकटी लेक काखेत गाठ येऊन तीन दिवसांत गेली. नीलम्माला ना ताप, ना ग्लानी. पण भ्यालेल्या जिवाची समजूत कोण घालणार? नातवाला त्या बोळ्यानं शेळीचं दूध पाजत, त्यातलं निम्मं गालावरून ओघळून जाई.

"गुरांना डागणाऱ्या सटवाला सांगावा धाडलाय," त्या दारातूनच म्हणाल्या. "तापल्या सळईचा डाग दिला की गाठ जळून जाती."

"मग देताल का बाळाला?"

"मग देते."

"तर आजच बलवा, आत्या."

त्याच सकाळी डोंगरातनं मध आला. घरच्या दुकानात विकायला येणारा मध आधी शिवगंगाबाईंनी पारखायचा, ही घरची रीत. माजघरात दिवसाही अंधार. माळवदाला धूर जायला ठेवलेलं भोक, साणं, त्यातून उन्हाची एक काठी खाली उतरे. त्या उन्हात बाटली धरून बघायचं, आत गुळाचा पाक मिसळलाय का.

"माझी नजर आताशा पोचत न्हाई," सासूबाई म्हणाल्या. "तू बघ. पर लांब उभी ऱ्हा."

"लांबून मध कसा दिसंल?" म्हणत नीलम्मानं बाटली उन्हात धरली. मध निवळ होता. बाटली उजव्या हातातून डाव्यात घेताना मनगट आडवं उन्हात आलं, आणि ती थबकली.

गाठ उजळली होती. आतून, तांबूस.

तिनं बाटली खाली ठेवली. मनगट फिरवलं, उजेड गेला. पुन्हा आडवं धरलं, आला. अंगठ्याखालचा मांसल उंचवटा धरून पाहिला; काळा. बोटाचं पेर धरलं, काळं. मांस ऊन अडवतं, हाड अडवतं, मग ही का अडवत नाही? महिनाभर ज्याच्या भीतीनं झोप नव्हती, ते आता तिला नुसतं बघत राहावंसं वाटलं.

"आत्या, हिच्यात मांस न्हाई. या की, बघा तर!"

लांब राहायचं विसरून शिवगंगाबाई आल्या आणि सुनेचं मनगट स्वतःच्या हातात धरून त्यांनी दोनदा, तीनदा उन्हात फिरवलं.

"पाणी हाय का गं?"

"पाण्याहून दाट असंल. हलत न्हाई."

सटवा आला, सळई चुलीत खुपसू लागला, तशा बाई ओरडल्या, "थांब, आधी हिकडं ये!"

म्हाताऱ्यानं उन्हात उजळलेली गाठ पाहिली, मग बोटानं चाचपली. ती बोटाखाली जराशी सरकली. "ताप? काखेत काही?"

"न्हाई."

"आक्का, ही सांध्याची गाठ. सांध्यात वंगण असतं, ते भाईर येऊन फुगा धरतं. बैलाच्या गुडघ्याला लई बघितल्यात. हिला डागून कातडं तेवढं जळंल."

"मग सळई घेऊन कशाला आलास?"

"तुमी बलवलं, न येऊन कसं? माज्या आईनं माजी गाठ तांब्यानं ठेचलती. हात सुजला, गाठ परत आली. पुढं आपसूक गेली, कधी गेली तेबी कळलं न्हाई. ठेचू नका, टोचू नका, शेजारी नाडी हाय. बोटं बधिर झाली, लई दुखाय लागलं, तर मोमिनाबादच्या दवाखान्यात न्या. तवर फडकं बांधा अन् जातं बंद."

"मग दळायचं कुनी?"

"तुमी की."

शिवगंगाबाई हसल्या नाहीत. आवाज खाली आणून त्यांनी विचारलं, "दुधात उतरती का रं?"

सटवानं सळई बाजूला ठेवली. "गाईच्या गुडघ्याला गाठ आली म्हणून आमी वासरू तोडत न्हाई, आक्का."

बाई उठल्या. बाळाला घेऊन उंबऱ्यात क्षणभर थांबल्या. "भ्याले होते गं," एवढंच बोलल्या आणि त्याला नीलम्माच्या मांडीवर ठेवलं. त्यानं चाचपडत तोंड लावलं, आणि नीलम्माला एकदम रडू आलं.

डाव्या हाताला भार सोसेना, म्हणून सासूनं शेजारी बसून बाळाच्या डोक्याखाली आपला तळवा दिला. दुसऱ्या हाताचं बोट हळूच गाठीवर गेलं.

"हितं दुखतं?"

"न्हाई."

"अन् हितं?"

"आत्या, त्यो काय म्हनला? दाबू नका की."

"बघते नुसतं," बाई म्हणाल्या, आणि बोट पुन्हा तिथंच गेलं.